चुन्याचे थर

ऋजुताने बिराजदारकाकूंच्या भिंतीला यंत्राची चकती लावली. चुना वाळताना घरातले आवाज धरून ठेवतो हे कळल्यापासून गल्ल्यांचा इतिहास भिंतींकडूनच ऐकला जायचा. सोलापुरातल्या या गल्लीने मात्र तिला चक्रावून टाकलं होतं. घरात कोणी गेलं की त्या दिवाळीला लोक भिंतींना चुना देत नाहीत. इथे दुखवट्याच्या वर्षीसुद्धा थर होता, अगदी घरोघरी.

तिने यंत्रावर सगळ्यात खालचा थर वाजवला. एक लहान मुलगी म्हणाली, "आई, दार उघड."

वरच्या प्रत्येक थरात तीच मुलगी होती, तेवढ्याच वयाची.

"काकू, शेजारीपाजारीही हाच आवाज आहे. कोण ही?"

"ठाऊक नाही. दिवाळीच्या सुमारास ती नुसत्या कानांनीही ऐकू येते. चुना दिला की वर्षभर गप्प होते. म्हणून कोणी चुकवत नाही."

"मग तुमचा यंदाचा थर कुठाय?"

"यंदा हे गेले. मी एकटीच उरले. नाही दिला."

ऋजुताने घाईने यंत्र बंद केलं.

"आई, दार उघड," भिंत म्हणाली.

"आले गं," म्हणत काकू कडी काढायला उठल्या.