शुक्रवारच्या तीन वाट्या

काळ्या पडलेल्या अळ्यांच्या वाट्या काका एकेक करून ब्लीचच्या बादलीत सोडत होते. घाटेअळ्या एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी वाटी, हरभऱ्याच्या पिठाचं खाद्य आणि वर झाकण. बावीस वर्षं अळ्या वाढवायची ही खोली काकांकडे होती. बावीस वर्षांत इथे रोग शिरला नाही, हे ते येईल त्याला ऐकवत.

संशोधक मुलगी स्टुलावर बसून होती. फवारलेल्या औषधाला अळ्या हळूहळू दाद कशा देईनाशा होतात, हे पाहायला तिने तीन वर्षांत सव्वीस पिढ्या वाढवल्या होत्या. दहा दिवसांत सगळं संपलं.

"माझ्याच हातून आलं," ती म्हणाली. शेतावरून आल्यावर एकदा तिने कोट बदलला नव्हता. विभागप्रमुखांना तिने तसं लिहूनही दिलं होतं. शिष्यवृत्तीचं एकच वर्ष उरलंय, एवढी आठवण करून देऊन ते निघून गेले होते.

"होतं असं कधीकधी," काका म्हणाले आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

कारण मागल्या शुक्रवारी त्यांनी पाहिलं होतं. तीन वाट्यांत अळ्या झाकणाला उलट्या लटकलेल्या, अंगाचं पाणी झालेलं. रोग त्यांनी बघताक्षणी ओळखला. खोली बंद करून लगेच कळवायचं, हा नियम त्यांनीच कितीजणांना शिकवला होता. पण काकांच्या खोलीत रोग आला, हे त्यांना कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. तिन्ही वाट्या कागदात गुंडाळून त्यांनी टाकून दिल्या आणि बाकीच्यांना खाद्य घातलं. त्याच चिमट्याने.

बादली भरली. दुसरी ओढताना ते थांबले.

"मॅडम, तुमच्या कोटाचं काही नाही. मला शुक्रवारीच दिसलं होतं. मी बोललो नाही."

ती स्टुलावरून उठली. मग तिने विचारलं, "मागच्या कपाटातल्या अळ्या तेव्हा चांगल्या होत्या? वाचल्या असत्या?"

"होत्या."

तिने हातमोजे चढवले आणि शेवटची वाटी बुडेपर्यंत त्यांच्या शेजारी उभी राहून काम केलं.

प्रमुखांनाही काकांनी स्वतः जाऊन सांगितलं. काकांची निवृत्ती जवळ आली होती; प्रमुखांनी प्रकरण वाढवलं नाही.

महिन्याभराने दुसऱ्या संशोधन केंद्राकडून अंडी आली. पुन्हा पहिली पिढी. मुलगी पूर्वीसारखीच बोलायची, चहा आला की काकांना हाक मारायची. अळ्या वाट्यांत सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी काका लवकर आले, प्रत्येक वाटी उजेडात धरून पाहिली आणि ट्रे तिच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"सगळ्या बघितल्या, मॅडम. ठीक आहेत."

"बरं, काका," ती म्हणाली. तिने ट्रे जवळ ओढला आणि पहिल्या वाटीचं झाकण उघडलं.