पाचवा उद्गार

हेमचंद्र सर व्यासपीठाची पायरी चढले, तेव्हा चर्चच्या पंचमंडळीतली खुर्ची त्यांच्यापासून एका भाषणाइतकीच लांब होती. ईस्टर झाला की निवडणूक. भाषण रंगलं की निवड. हिशेब सरळ होता.

वाकडं एवढंच, की वाट्याला उद्गार आला होता पाचवा. गुड फ्रायडेला बारा ते तीन, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार सात जण वाटून घेऊन बोलतात. पहिला मिळाला तर नशीबच. त्यात वैऱ्यांना क्षमा आहे, बाया हमखास डोळे पुसतात. पाचव्यात काय आहे? ‘मला तहान लागली.’ मग शिपायांनी पाण्याऐवजी आंब दिली, म्हणजे आंबलेला द्राक्षारस. झालं, संपलं. देवाच्या पुत्रानं शेवटच्या घटकेला पाणी मागावं, याची सरांना आतून जरा लाजच वाटायची. घरच्या मोठ्या माणसानं चारचौघांत काही किरकोळ मागावं, तशी. म्हणून त्यांनी तोड काढली होती. ती तहान पाण्याची नव्हतीच, आत्म्यांची होती. देवाला कुठली आली शरीराची कटकट!

बोलण्याला शोभेल असं वागणंही हवं. त्या दिवशी तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हे चर्चमधले सगळेच पाळत. सरांचं घर जरा जास्त पाळे, आणि ते सगळ्यांना कळेल अशी व्यवस्था सर करत.

सकाळी सरांच्या बायकोनं, सीमाबाईंनी, विषय काढला होता. "सूनबाईले तरी सूट द्या. सातवा महिना आहे तिले. डॉक्टरीणबाईनं घडीघडी पाणी प्यायले सांगतलं ना?"

"तिलेच सूट दिली तं लोक काय म्हणतीन? बार्शीटाकळीहून आणलेली सून कच्चीच निघाली म्हणतीन."

सूनबाईनं, आचलनं, ते ऐकलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

अकोल्यातला एप्रिल. पंखे गरम हवा नुसती इकडची तिकडे करत होते. चौथे वक्ते लांबले होते. त्यांना कोण थांबवणार? सरांनी बायबल उघडलं, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. जीभ टाळूला चिकटली होती. घसा खाकरून पाहिला. नुसती खरखर.

"अरे, पाणी द्या ना कोनी सरले!" पार्वताबाई पहिल्या बाकावरून म्हणाल्या. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज रस्त्यापर्यंत जाते.

पाळकसाहेबांनी भरलेला पेला पुढे सरकवला. सगळं चर्च त्या पेल्याकडे पाहू लागलं. सरांनी तो दूर सारायला हात उचललाही. ऐन तहानेत पाणी नाकारणारा हात म्हणजे भाषणाहून भारी. दहा मतं तर त्या हातातच होती.

तेवढ्यात त्यांना आचल दिसली. ती सरांकडे पाहत नव्हती. ती पेल्याकडे पाहत होती. ओठ पांढरे पडलेले, एक हात पोटावर, दुसऱ्यानं समोरचा बाक घट्ट धरलेला. ती पडली असती, पण मागितलं नसतं. तिला तसंच शिकवलं होतं, आणि शिकवणारा पेल्याजवळ उभा होता.

सर पेला घेऊन खाली उतरले.

"पी, माय."

"तीन नाही वाजले, बाबा."

"येशूनं कुठं तीनची वाट पाह्यली? तहान लागली, मागून मोकळा झाला." आवाज आता बरोबर फुटला होता.

आचलनं एका दमात पेला रिकामा केला. सीमाबाईंनी दुसरा आणवला, तोही संपला. मग तिनं सासूचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला आणि दोघी चक्क हसल्या. गुड फ्रायडेला. सर रिकामा पेला घेऊन वळले.

वर जाऊन ते एवढंच बोलले, "तहान पाण्याचीच होती. बाईच्या पोटी जन्मला होता तो. त्याले नाही लागणार तं कोणाले लागन?" आणि बायबल मिटून खाली बसले.

"झालं?" पार्वताबाई शेजारणीला म्हणाल्या. "यंदा सर चांगले बोलले, बाई."

पाळकसाहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा ओसरीतल्या रांजणाकडे. "सहाव्याच्या आधी जरा थांबू," ते म्हणाले. माणसं आधी लाजत उठली, मग न लाजता. सर सगळ्यांच्या शेवटी प्यायले आणि पेला विसळून ठेवताना त्यांना खुर्ची आठवलीसुद्धा नाही.

त्या दुपारी न मागता सगळ्यांना गार पाणी मिळालं. मागितलं होतं एकट्यानंच. त्याला आंब मिळाली होती.