कुणी न खाणारं रोप

भुवनेश्वरीने पिशवीतून अडुळशाची रोपं काढली आणि आईच्या समाधीपाशी मांडली. उन्हाने डोळे चुरचुरत होते. भूमहून येणाऱ्या एसटीने तिला फाट्यावर सोडलं होतं, आणि तिथून शेतापर्यंत सावली म्हणून कुठं नव्हती.

मागून तिचे वडील, शिवप्पा, खांद्यावर घागर घेऊन येत होते. कपाळावरची विभूती घामाने ओघळली होती. विहीर आटल्यापासून समाधीवरच्या रोपांसाठी ते रोज घरून पाणी आणत. मागं ओढ्याच्या चढावर पडले, गुडघा अजून सुजलेलाच होता, तरी खेप चुकत नव्हती. ती खेप थांबवायची म्हणूनच भुवनेश्वरी आली होती.

इथं लावलेलं काही टिकलं नव्हतं. बेल शेजारच्या बिरूच्या शेळ्यांनी खाल्ला, मोगरा हरणांनी. जास्वंदीचं आळं घरच्या कुत्र्याने गारव्यासाठी उकरलं आणि मुळं उघडी पडून ती वाळली. भुवनेश्वरी वनस्पतिशास्त्र शिकलेली. रोपवाटिकेत उभं राहून तिने एकेक नाव बाद केलं होतं. कण्हेर कमी पाण्यावर जगते, पण विषारी, आणि कुत्र्याला दिसेल ते चावायची खोड. शेवटी अडुळसा उरला.

"याला शेळी तोंड लावत नाही, हरीण लावत नाही," ती म्हणाली. "एक पावसाळा मिळाला की मुळं खोल जातील. मग तुम्ही रोज यायची गरज नाही, अप्पा."

शिवप्पांना दम लागला होता. त्यांनी नुसती मान हलवली आणि ते वाकले. समाधीच्या पायथ्याशी मातीचं एक पसरट परळ काठापर्यंत पुरलेलं होतं. घागरीतलं निम्म्याहून जास्त पाणी त्यांनी आधी त्यात ओतलं. कुत्रं येऊन लपलप प्यायला लागलं.

भुवनेश्वरीने निरखून पाहिलं. परळाभोवती खुरांचे ठसे होते, दुभंगलेले, टोकाला निमुळते. जुन्या ठशांवर नवे.

"हरणं या पाण्यावर येतात, अप्पा. पाणी पितात आणि जाताना रोपं खातात. तुम्हीच बोलावताय त्यांना."

"म्हाईत हाय."

"मग?"

ते कट्ट्याला टेकून बसले. दुखरा पाय हाताने उचलून लांब केला.

"दिवसभर इथं चिटपाखरू फिरकत न्हाय, बाई. सांजच्याला हरणं येत्यात, तेवढीच जाग. कुणी तोंडच लावणार न्हाय असलं झाड लावल्यावर तुझ्या आईकडं यायचं कुणी?"

याआधी भुवनेश्वरी आली होती ती दिवाळीत.

मग शिवप्पांनीच खुरपं ओढून घेतलं. आणलंच आहे तर लावू म्हणाले, पण कडेला, मधली जागा राहू दे. माती दगडासारखी झाली होती. घागरीतलं पाणी शिंपडायचं, थोडं उकरायचं, थांबायचं, असं चाललं होतं.

"हरणाला काय आवडतं ते शिकवत्यात का गं तुमच्या कालेजात?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "पुढच्या खेपेला त्यातलं एखादं आण."

रोपं आळ्यात बसली. भुवनेश्वरीने घागर उचलली. तळाला थोडं पाणी राहिलं होतं. ती अडुळशावर वाकली, क्षणभर थांबली, आणि ते पाणी तिने परळात ओतलं.