कुबराची टीम

"तुझा व्हर्नन मला दे, कुबरा. बदल्यात दोन खेळाडू घे," म्हणत डॉनाने केकची बशी तिच्यापुढे सरकवली.

कुबराच्या तोंडून 'ओके' निघणारच होतं. दाभोळहून जेद्दाला आल्यापासून ती सगळ्यांना तेवढंच म्हणत आली होती. बकाल्यातल्या किराणावाल्याने चुकीचं दूध दिलं, ओके. घरमालकाने टाकी भरली नाही, ओके. काल जेवताना तिचा नवरा हनीफ म्हणाला होता, "तुला इथं करमत नाही, ते दिसतंय मला. ऑगस्टचं तिकीट काढतो, गावी जाऊन राहा." त्यावरही तिने नुसतं 'बरं' म्हणून ताट उचललं होतं.

ईद नुकतीच सरली होती. जेद्दातल्या अल अझीझिया वस्तीत, कुबराच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, डॉनाकडे, एसीच्या घरघरीत बायका खेळायला जमल्या होत्या. यातली एकही मैदानात उतरलेली नव्हती. तिकडे अमेरिकेत बेसबॉल खेळणारे खरे खेळाडू यांनी कागदावर वाटून घेतले होते. ते तिकडे जसे खेळतील तसे इकडे गुण. निकाल इंग्रजी पेपरात यायचे, तेही शिळे. एकीच्या नवऱ्याचं काम संपलं आणि ती मायदेशी गेली, तेव्हा तिची तळाला गेलेली टीम डॉनाने खालच्या मजल्यावरच्या कुबराच्या गळ्यात घातली होती. आता अर्धा सीझन झाला होता. खेळाडूंची अदलाबदल करायची ती आजच.

कुबराने हा खेळ कधी पाहिला नव्हता. पण हनीफ ड्यूटीवर गेला की ती पेपर जमिनीवर पसरायची आणि बोट फिरवत आपल्या माणसांची नावं शोधायची. व्हर्ननला महिनाभर एकही फटका जमत नव्हता. ती रोज त्याच्यावर चिडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याचंच नाव आधी शोधायची. आता कुठे त्याची बॅट बोलायला लागली होती.

"नो," कुबरा म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिची तिलाच भीती वाटली. मग मोडक्या इंग्रजीत तिने पुढचंही सांगून टाकलं, "तो मारत नव्हता तेव्हा तू मागितला नाहीस. आता मारतो, तर मागतेस."

"बरोबर बोलली!" फिलिपिनो नर्स लूझने टाळी वाजवली.

"तीन देते," डॉना म्हणाली.

"नो. पण तुझा तो चेंडू टाकणारा, पिचर, ज्याला तू नुसता बसवून ठेवलायस, तो मला दे. व्हर्नन सोडून माझे कुठलेही दोन घे."

डॉनाने खो खो हसत हात पुढे केला. "हिला केक चारून काही उपयोग नाही!"

संध्याकाळी हनीफ आला. हात-तोंड धुऊन बसता बसता म्हणाला, "उद्या तिकिटाचं बघून येतो."

"ऑगस्टचं नको."

"मग कधीचं?"

"ऑक्टोबरात सीझन संपतो. नंतर बघू."

हनीफने टॉवेल खांद्यावर टाकला. "वर काय जिंकून आलीस की काय?"

"शेवटून दुसरी आहे."

तो हसला. असा हसलेला तिने बरेच दिवस पाहिला नव्हता. "मला तरी सांग, कसला खेळ आहे हा?"

तिने चटईवर चार कप चौकोनात मांडले. एका कपावर बोट ठेवलं. "इथं उभं राहून चेंडू मारायचा आणि पळायचं. प्रत्येक ठाण्याला पाय लावत, फिरून इथंच यायचं."

"आणि मधेच अडकला तर?"

"तर तिथंच उभं राहायचं," कपांत चहा ओतत कुबरा म्हणाली, "मागच्याचा फटका लागला की निघायचं."