खंडूदादांचा माईक

"शे शे शे!" सार्थकने पुन्हा आवाज काढला आणि हेडफोनमध्ये हशा पिकला. तेजस्विनीने आवाज कमी केला, पण हेडफोन काही काढला नाही.

नवा माणूस त्या दुपारीच सर्व्हरवर आला होता. नवनाथ नावाचा. गेममध्ये सगळ्यांनी मिळून नदीकाठी एक गाव वसवलं होतं आणि त्या गावाच्या बंधाऱ्यासाठी तो मुकाट्याने दगड वाहत होता. तेवढ्यात त्याच्या घरातून कुणा बाईने हाक मारली. माईक चालू आहे हे विसरून तो म्हणाला, "आठेच शे ना माय. येस, दम धर."

'आहे'ला 'शे' म्हणाला आणि झालं! सगळे त्याच्यावर तुटून पडले. कांद्याच्या चाळीतून खेळतोयस का, म्हशीला पण आयडी काढून दे, असं काय काय. सार्थक सगळ्यांच्या पुढे. तो नाशिकच्या कॉलेज रोडला राहणारा, मराठी अगदी घासूनपुसून लख्ख. त्याने त्या बाईची नक्कल केली, तीही इतकी हुबेहूब की हसणाऱ्यांना ठसका लागला. नवनाथचा माणूस पडद्यावर दगड हातात घेऊन नुसता उभा होता.

"खंडूदादा, काढा याला," कुणीतरी म्हणालं. "आपल्या सर्व्हरची काही इज्जत आहे की नाही?"

खंडूदादा म्हणजे तेजस्विनी.

सर्व्हर तिचा होता. भाडं ती भरायची, नियम तिने केलेले, कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं तेही तिच्याच हातात. पूर्वी ती दुसऱ्यांच्या सर्व्हरवर खेळायची, तेव्हा बाईचा आवाज ऐकला की लोक खेळ सोडून नंबर मागायचे. म्हणून स्वतःचा सर्व्हर काढला तेव्हा तिने खंडेराव हे नाव घेतलं आणि माईक बिघडलाय म्हणून सांगितलं. तो माईक पुढे कधी दुरुस्त झालाच नाही. ती टाइप करायची आणि पोरं ऐकायची. भांडणं तिच्याकडे यायची. कुणाची परीक्षा असली तर तो आधी खंडूदादांना सांगायचा. ती एखादा दिवस आली नाही तर "दादा, बरे आहात ना?" असे निरोप येऊन पडायचे. पाथर्डी फाट्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये तिची वाट पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. नवरा, शेखर, नोकरीसाठी पुण्यात. महिन्याकाठी एकदा यायचा आणि बराचसा झोपायचा.

माहेर सटाण्याकडचं, घरात सगळे नवनाथसारखंच बोलणारे. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत नणंदा तिच्या बोलण्याला हसल्या, तेव्हापासून तिने ते बोलणं गिळलं ते गिळलंच. आईशी तेवढं फोनवर व्हायचं. मग आईला ऐकू येईनासं झालं. आता फोनवर भाऊच बोलायचा, आणि शहरातल्या बहिणीशी बोलायचं म्हणून तोही पुस्तकातलं मराठी बोलायचा.

"दादा, झोपलात काय?" सार्थक म्हणाला. "काढताय ना?"

तिने टाइप करायला घेतलं. 'कुणाच्या बोलण्याला हसू नये' एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. लिहिलेलं पुरणार नाही असं तिला वाटलं. तो बिचारा तिकडे एकटा पडला होता. त्याला कुणीतरी त्याच्याच बोलीत हाक मारायला हवी होती. बोलली तर खंडूदादा संपला, हे तिला कळत होतं. तिचा हात तरीही माईकच्या बटणावर गेला.

"भाऊ, लाजू नको," ती म्हणाली. बरीच वर्षं न वापरलेली बोली, पहिल्या शब्दाला जरा अडखळली. "मी बी सटाणानीच शे. आठेन तुले कोनी काढाव नही."

नवनाथचा आवाज आला. एकेक शब्द तोलून तो म्हणाला, "मॅडम, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी नाशिकचाच आहे. मागे टीव्ही चालू होता."

आणि तो निघून गेला.

तेजस्विनी पडद्याकडे बघत राहिली. स्वतःच्या आईला टीव्ही म्हणाला! तिला त्याचा राग यावा तसा आला नाही.

"खंडूदादा बाई आहे?" कुणीतरी म्हणालं. दुसरा फिसकन हसला. तिसऱ्याने शिवी दिली, इतकी वर्षं आपल्याला बनवलं म्हणून. "बरे आहात ना" विचारणाऱ्यांपैकी कुणी काही बोललं नाही. पडद्याच्या कडेला असलेली नावं एकामागून एक विझत गेली. बंधारा अर्धाच राहिला. नदीकाठच्या त्या गावात इतका शुकशुकाट तिने कधी पाहिला नव्हता.

एक नाव मात्र अजून हिरवं होतं. सार्थक.

तो आता काय बोलणार ते तिला ठाऊक होतं. ऐकून घ्यावं आणि बंद करावं, असं तिने ठरवलं. त्याचा माईक चालू होता, पण नुसता श्वास ऐकू येत होता.

"बोल," ती म्हणाली. "तुझं राहिलंय ना अजून?"

"ताई," तो म्हणाला. कॉलेज रोड त्याच्या आवाजातून पार उतरला होता. "आजून बोल ना. मनी माय बी अशीच बोले."