कढत पाणी

विक्रोळीच्या ऑफिसात महिनाभर ऋता आणि ऋताच चाललं होतं. म्हशींच्या खुराकात मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, तर त्याचे दाणे मेणासारख्या कवचात घालून द्यायचे, हे म्हणे ऋताचं डोकं! टपरीवर चहा पिताना हे पहिल्यांदा कोण बोललं होतं, ते मानसीलाच ठाऊक होतं.

त्यात ऋताला ताप आला आणि चाचणी बघायला जोगेश्वरीच्या तबेल्यावर मानसीलाच जावं लागलं. तिथे म्हशी सांभाळणारे धोंडूकाका नव्या खुराकावर कढत पाणी ओतत होते.

"असं भिजवलं की म्हशी चवीने खातात, ताई."

कवच वितळणार. मग म्हशीच्या पोटातले जंतूच मेथिओनिन फस्त करणार, दुधापर्यंत काही पोचायचं नाही. मानसीला हे दिसत होतं.

"छान चाललंय, काका," ती म्हणाली.

तेवढ्यात ऋताचा फोन आला. "काही चुकतंय का गं तिथे?"

"छे! सगळं झकास."

"हुश्श! तू बघितलंस ना, मग टेन्शन नाही. आणि ऐक, मी सरांना सांगून टाकलं, ही आयडिया मुळात मानसीची आहे. आता ही चाचणी तुझ्याच नावावर."

धोंडूकाकांनी दुसरं पातेलं उचललं.

"काका, थांबा!" मानसी किंचाळली. "कढत नको, गार पाणी घाला! सगळी वाट लागेल!"

"आत्ताच तर छान म्हणालात, ताई."

फोन अजून चालूच होता.