रेघेखाली दोन इंच

"किती?" इशिताने धापा टाकत विचारलं.

आत्माराम स्टुलावर चढला. गुडघ्यामुळे त्याला वेळ लागायचा. भिंतीवर गेरूची रेघ होती आणि तिच्याखाली लेकीच्या बोटांचा खडूचा ठसा. त्याने मध्ये फूटपट्टी धरली.

"दोन इंच कमी."

"उतरा आधी, पप्पा. पडाल." तिने हात धरून त्याला खाली घेतलं. मग स्वतः स्टुलावर चढून ठसा ओल्या फडक्याने पुसला. भिंत खराब झाली की सोसायटीवाले कटकट करायचे.

जूनपासून हेच चाललं होतं. नागपूरच्या एका सरकारी व्हॉलीबॉल टीममध्ये मुलींची भरती होती. नोकरी, क्वार्टर, सगळं. अट एकच, जागेवरून वीस इंच उडी. आत्मारामने इशिताचा हात उंच करून मोजला, वर वीस इंच धरले आणि सिल्व्हर पार्कमधल्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर रेघ मारली. कधीकाळी तो कंपनीच्या टीमचा स्मॅशर होता. आता कंपनी बंद, गुडघा कामातून गेलेला आणि बायकोला, सुचेताला, जाऊन तीन वर्षं झालेली. घर चालत होतं ते लेकीच्या शिकवण्यांवर. आपल्यापायी बावीस वर्षांची पोरगी इथे अडकली, हे त्याला सारखं खायचं.

"इथे सडू नकोस," तो म्हणायचा. "मी बघेन माझं."

"जायचंच आहे मला. पण रेघेला हात लागल्याशिवाय ट्रायलला जाणार नाही. तिकडे हसं करून घेऊ काय?"

इथेच घोडं पेंड खात होतं. वाळूची गोणी खांद्यावर घेऊन ती अर्ध्या बैठका मारायची, मग ओट्यावर उड्या, मग चवड्यांवर चढउतार. चार महिन्यांत मांड्या दगड झाल्या. उडी मात्र दोन इंचांवर अडून बसली होती.

"टँकरचे दोन हंडे घेऊन ही तिसऱ्या मजल्यावर पळत चढते," शेजारचा महिपत म्हणाला. "अजून कसली ताकद पाहिजे रे? आणि ती गेल्यावर तुझं पाणी कोण चढवणार?"

"ते माझं मी बघेन," आत्माराम तुटकपणे म्हणाला.

ट्रायल परवावर आली. आज रात्रीची गाडी होती. आत्माराम सकाळपासून खुशीत होता. तिची बॅग त्यानेच भरली, वर बेसनाचे लाडूही ठेवले.

संध्याकाळी दोघं भिंतीपाशी आले. इशिताने बोटांना खडू लावला आणि एकदा वर पाहिलं. गुडघे वाकवले, हात मागे नेले आणि उसळली.

"किती?"

आत्मारामने मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"दोन इंच कमी," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"जाऊ दे, पप्पा. नशिबात नाही म्हणायचं." तिने त्याला हात देऊन उतरवलं. "चला, चहा टाकते. जिना सावकाश चढा."

ती पुढे गेली. आत्माराम भिंतीला हात टेकून तिथेच उभा राहिला. काल दुपारी ती शिकवणीला गेली असताना त्याने जुनी रेघ पुसून टाकली होती आणि नवी, चांगली चार इंच खाली मारली होती.